अंगणबाग : डोंगरची काळी मैना आपल्या दारी

मे महिना सरत आला की देहूच्या बाजारात करवंदांचे वाटे दिसू लागतात. फळ तोडून आत लाल निघाले तर कोंबडा, फिके निघाले तर कोंबडी, हा खेळ घरोघरी मुले खेळतात. हीच करवंदे आपल्या कुंपणाला का लावू नयेत?

आम्हीही हा विचार केला आणि पहिल्याच वर्षी चुकलो. भर उन्हाळ्यात भंडारा डोंगराच्या बाजूच्या माळावरून दोन जाळ्या खणून आणल्या. सोटमूळ खोल गेलेले, ते तुटले. पंधरा दिवसांत दोन्ही वाळल्या. दादी एवढेच म्हणाल्या, "जाळीच आणलीत, आता पुढच्या साली तिथं गुराख्याची पोरं काय खातील?" तेव्हापासून आम्ही जाळीला हात लावत नाही, फक्त बी आणतो. वनखात्याच्या किंवा दुसऱ्याच्या जागेतले झाड विचारल्याशिवाय उपटणे आपल्याला शोभतही नाही.

रीत सोपी आहे. ज्या जाळीची फळे मोठी व गोड, तिची पूर्ण काळी झालेली करवंदे घ्या. गर चोळून बी धुवा, चीक जाऊ द्या, एक दिवस सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. हे बी साठवून ठेवले की त्याची उगवण झपाट्याने कमी होते. पिशवीत माती, वाळू आणि कुजलेले शेणखत भरून बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा खोल पेरू नका. पाणी साचू देऊ नका. रोपे पुढच्या पावसाळ्यात, दोन-तीन फुटांच्या अंतराने, भरपूर उन्हात लावा. काटे तीक्ष्ण असतात, म्हणून मुलांच्या वाटेपासून दूर, भिंतीच्या कडेला. फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात.

एकदा आपली जाळी वाढली की दाब कलम करा. पावसाळ्यात खालची फांदी वाकवा, मधली थोडी साल काढा, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवा. मुळ्या फुटल्या की कापून वेगळी करा. नुसती फांदी खोचली तर सहसा जगत नाही.

बुखारी शरीफमध्ये हजरत जाबिर (रजि.) सांगतात की, मक्केजवळ मर्रुज्‌-जहरान येथे सहाबा पिलूची रानफळे वेचत होते. हे तेच झाड, ज्याची मिसवाक करतात. प्रेषितांनी (स.) त्यांना काळी फळे वेचा, ती अधिक चांगली, असे सांगितले. आपण शेळ्या राखल्या होत्या का, असे लोकांनी विचारले, तेव्हा शेळ्या न राखलेला नबी झालाच नाही, असे उत्तर मिळाले. रानाची पारख रानात राहणाऱ्यालाच असते.

आणि लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले तरी तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, हेही आपण जाणतोच. आमच्या कुंपणावरची निम्मी करवंदे बुलबुलच खातात. दादी त्यांना हाकलू देत नाहीत.

यंदा करवंदे खाल, तेव्हा बिया फेकू नका.