इंजिन बसलं, नंबर कुठून आणायचा?

विजयदुर्गात बहिणीच्या घरामागच्या पडवीत माझा भाचा दोन वर्षं एक गाडी बांधत होता. लोखंडी पाइपची चेसिस, वर फायबरची बॉडी, आणि इंजिन अपघातात गेलेल्या एका डिझेल स्विफ्टचं. गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा सुरू झाली. मी विचारलं, "रस्त्यावर कधी काढतोस?" तो म्हणाला, "रस्त्यावर नाही मामू. अंगणातच."

त्या उत्तराने मला हे लिहायला बसवलं.

कोकण किनाऱ्यावर जुन्या ट्रकचं इंजिन मच्छीमार नौकेत बसवणं नवं नाही. त्या इंजिनाचा पंप यांत्रिक असे, स्टार्टरला करंट आणि टाकीत डिझेल असलं की ते चाले. स्विफ्टमधलं १२४८ सीसीचं इंजिन तसं नाही. मूळ फियाटचं हे डिझाइन आपल्याकडे इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं की लोक त्याला देशाचं इंजिन म्हणू लागले. पण किती डिझेल कधी सोडायचं ते त्याचा संगणक ठरवतो. किल्लीतली चिप त्या संगणकाला पटली नाही, तर इंजिन चालायचं नाही. म्हणून नुसतं इंजिन आणून भागत नाही. किल्ली, संगणक, अॅक्सिलरेटरचं पेडल, फ्यूजची पेटी आणि वायरिंगचा अख्खा जुडगा त्याच गाडीचा लागतो.

इंजिन बसवायला भाच्याला महिना लागला, वायरिंगला वर्ष. प्रत्येक वायरवर कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. स्विफ्टमध्ये इंजिन पुढे, ह्याच्या गाडीत मागे, त्यामुळे काही वायरी वाढवाव्या लागल्या. शिवाय पत्र्याच्या गाडीत करंट बॉडीतूनच परत जातो, फायबरमधून जात नाही. मागच्या एका दिव्यासाठीसुद्धा वेगळी अर्थिंगची तार ओढावी लागते. त्यात आमची खारी हवा. उघडा राहिलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो.

हे काम येणाऱ्या मुलाकडे कागद कुठला? काहीच नाही. मोटार दुरुस्तीच्या धंद्यात मुसलमान मोठ्या संख्येने आहेत, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं. त्यातले बहुतेक उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. त्यांचं प्रमाणपत्र म्हणजे सुरू झालेलं इंजिन, आणि ते कुठल्याही अर्जाला जोडता येत नाही.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदलेल्या गाडीत मनाजोगता बदल करू देत नाही. नवी गाडी बांधली तर तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ती पद्धत हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आहे. पडवीत एकच गाडी बांधणारा तिच्यात बसत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार आठवतात? भंगारातून त्यांनी किकने सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच दमात सांगितलं की नियमात न बसणारी ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल, म्हणून ती मला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारीत बोलेरो मिळालीही. महिंद्रांचा मोठेपणा मी नाकारत नाही. पण हाताने गाडी घडवणाऱ्याला ह्या देशात बक्षीस मिळू शकतं, नंबरप्लेट मिळत नाही, हे मला खुपतं.

घरी बांधलेली गाडी कुणीही तपासल्याशिवाय पडेलच्या रस्त्यावर यावी असं मी म्हणत नाही. त्याच रस्त्यावरून आमची पोरं शाळेत जातात. ब्रेक लागला नाही तर कलाकुसर काय कामाची? माझं म्हणणं इतकंच की तपासा. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर, डिझेलची नळी, वायरिंग, सगळं. फी घ्या, चुकलं असेल तर परत पाठवा. ब्रिटनमध्ये अशा एकेकट्या गाडीसाठी २००९ पासून वेगळी तपासणी आहे. पास झाली की नंबर मिळतो, जुने-नवे भाग एकत्र करून बांधलेल्या गाडीला बहुधा 'क्यू'ने सुरू होणारा. आपल्याला हे का जमू नये?

भाच्याला दोह्याच्या एका गॅरेजमधून बोलावणं आलंय. पुढच्या महिन्यात जाईल. गाडीवर ताडपत्री टाकायचं काम माझ्याकडे आहे, आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवायचं त्याने मला आतापर्यंत तीनदा बजावलंय.