भिंतीवरचा नकाशा

भुसावळहून खंडव्याकडे जाताना बुऱ्हाणपूर स्थानक लागते. 1986 साली या स्थानकावर पाच वर्षांचा शेरू आपल्या थोरल्या भावाची, गुड्डूची वाट पाहत होता. भाऊ परतला नाही. त्याला शोधण्यासाठी बालक उभ्या गाडीत चढले आणि तेथेच झोपी गेले. डोळे उघडले तेव्हा गाडी धावत होती. ती थांबली ती थेट हावड्याला.

कोलकात्यात त्याला घराचा पत्ता सांगता येईना. गावाचे नाव तो ‘गिनेस्टले’ असे सांगे आणि असे गाव कोणत्याच नकाशात नव्हते. अखेर 1987 मध्ये ऑस्ट्रेलियातील टास्मानियाच्या ब्रायर्ली दांपत्याने त्याला दत्तक घेतले. शेरूचा सरू ब्रायर्ली झाला.

नव्या आईने त्याच्या खोलीच्या भिंतीवर भारताचा नकाशा लावला. मुलाचे मूळ तिने लपविले नाही.

मोठेपणी सरूने उपग्रहचित्रांच्या साहाय्याने शोध आरंभला. प्रवासाचे सुमारे चौदा तास आणि गाडीचा ताशी अंदाजे 80 किलोमीटर वेग, असा हिशेब मांडून त्याने कोलकात्याभोवती वर्तुळ आखले. लोहमार्ग पाहता पाहता रात्री सरत, उत्तर मिळेना. 2011 मध्ये आखलेल्या वर्तुळाच्या काहीशा बाहेर त्याला स्थानकाजवळची पाण्याची टाकी दिसली आणि ओळख पटली. अंदाजाचा हिशेब अपुरा ठरला होता. बालपणीचे चित्र मात्र अचूक होते. ‘गिनेस्टले’ म्हणजे खंडव्याची वस्ती, गणेश तलई!

फेब्रुवारी 2012 मध्ये तो जुन्या घरी पोहोचला. दाराला कुलूप होते. परंतु आई जवळच राहत होती. मुलगा कधीतरी परतेल, या आशेने तिने तो परिसर सोडला नव्हता. पंचवीस वर्षांनी मायलेकरे भेटली. त्याच भेटीत गुड्डूही त्या दिवसांतच रेल्वे अपघातात दगावल्याचे सरूला कळले. एकाच वेळी दोन मुलगे गमावलेल्या मातेला एक परत मिळाला होता.

त्यानंतर सरू टास्मानियातच राहिला. ब्रायर्ली दांपत्याचे पुत्रप्रेम तसूभरही उणे झाले नाही. पुढे दोन्ही मातांची भेटही झाली.

आपल्याकडे दत्तक ही गोष्ट पुष्कळदा कुजबुजीचा विषय असते. मूल दुरावेल या धास्तीने सत्य दडविले जाते आणि मग लग्नप्रसंगी वा वाटणीच्या कागदपत्रांतून ते परक्याच्या तोंडून बाहेर पडते. आज तर सज्ञान दत्तक व्यक्तीस आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करण्याची तरतूद नियमांतच आहे; जन्मदात्यांची गोपनीयताही त्यात जपली जाते.

दत्तक मुलाला घरातच, आईवडिलांच्या तोंडून आणि वेळेवर सत्य कळावे. ब्रायर्लींच्या घरी तो नकाशा वर्षानुवर्षे भिंतीवर होता. त्यामुळे त्यांचा मुलगा त्यांना अंतरला नाही.