बदलापूरच्या भाविकांना मराठी मिस्सा हवी

प्रति,
आर्चबिशप जॉन रॉड्रिग्ज,
मुंबई महाधर्मप्रांत

आदरणीय आर्चबिशप,


परवडणारे घर शोधत मुंबईहून, वसईहून आणि घाटावरून बदलापुरात आलेल्या हजारो कुटुंबांत कॅथलिकही आहेत. रविवारी बाकांवर गोव्याची, मंगळूरची, तमिळ आणि मराठी माणसे शेजारीशेजारी बसतात. अशा मिश्र वस्तीत सर्वांना चालेल म्हणून इंग्रजी पुढे येते. उपासनेला अशी एकच सामायिक भाषा लागते का, हा प्रश्न आपल्यापुढे मांडावा म्हणून हे पत्र.

आमच्या मुस्लिम शेजाऱ्यांचे उत्तर स्पष्ट आहे: नमाज अरबीतच. बदलापूरचा माणूस जकार्ताच्या मशिदीत इमामामागे उभा राहिला, तरी त्याला काही परके वाटत नाही. ही ताकद मी कमी लेखत नाही. इमाम अबू हनीफांनी आठव्या शतकात फारसीतून पठणाला मुभा दिली होती. त्यांच्या शिष्यांनी ती अरबी न येणाऱ्यांपुरती मर्यादित केली आणि पुढे अरबीच रूढ राहिली. तुर्कस्तानात सरकारने १९३२ पासून अजान तुर्कीतून द्यायला लावली. १९५० मध्ये सक्ती उठली आणि अजान पुन्हा अरबीत सुरू झाली. उपासनेची भाषा हुकमाने बदलत नाही, हा त्यातला धडा. मात्र याच परंपरेत शुक्रवारचे बयान लोकांना समजेल अशा भाषेत होते आणि नमाजनंतर माणूस आपली दुआ आपल्या बोलीत मागतो. एक भाषा इतक्या निष्ठेने जपणाऱ्या धर्मानेही घरच्या भाषेला जागा ठेवली आहे.

आपल्याकडे ती सामायिक भाषा लॅटिन होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. लॅटिन काढून टाकली नाही, पण लोकभाषांना दार उघडले. भाविकांनी समजून-उमजून उपासनेत भाग घ्यावा, हा त्यामागचा हेतू. केरळच्या सिरो-मलबार चर्चने तर १९६२ मध्येच सिरियाकच्या जागी मल्याळम आणली. लॅटिन कळत नाही म्हणून मागे ठेवायची आणि तिच्या जागी आजीला न कळणारी इंग्रजी आणायची, तर परिषदेचा हेतू आमच्यापर्यंत पोहोचला असे कसे म्हणावे?

आपल्या श्रद्धेला मराठी नवी नाही. थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. त्या जेझुइट धर्मगुरूंनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत सांगितली आणि ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने प्रॉटेस्टंट बांधव आजही गातात. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

कोणाच्या घरी मृत्यू झाला की हा प्रश्न डोळ्यांना दिसतो. इंग्रजीतून प्रार्थना चालू असते तोवर म्हाताऱ्या बायका हातातल्या माळेचे मणी चाचपत गप्प बसलेल्या असतात. मग त्यांच्यापैकीच एखादी ‘नमो मरिये’ सुरू करते आणि साऱ्या खोलीचा आवाज एक होतो. मघापासून खाली मान घालून बसलेला मुलगाही ओठ हलवू लागतो. माणूस कोलमडलेला असतो तेव्हा त्याला आईकडून शिकलेलीच प्रार्थना आठवते.

अडचणी मला ठाऊक आहेत. इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या आमच्या मुलांना मराठी वाचताना अडखळायला होते. धर्मगुरू कमी आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांची मातृभाषा मराठी नाही. म्हणून इंग्रजी बंद करा, असे माझे म्हणणे नाही. तमिळ भाविकाने तमिळसाठी हीच मागणी केली, तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

आपल्याकडे तीन विनंत्या आहेत. कल्याणपुढच्या धर्मग्रामांत दर रविवारी एक मराठी मिस्सा ठरलेल्या आणि सोयीच्या वेळी व्हावी. गोरेगावच्या सेंट पायस टेन सेमिनरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तरुण धर्मगुरूला मराठीत प्रवचन करता यावे. आणि पापनिवेदन, आजाऱ्याचा अभ्यंग व अंत्यविधी यांच्या वेळी कुटुंबाला आधी विचारावे की, प्रार्थना कोणत्या भाषेत हवी.

मुंबईची सूत्रे हाती घेण्यापूर्वी आपण पुण्याचे बिशप होतात. मराठी भाविकांची गरज आपल्याला नव्याने सांगायला नको. चर्चची एकता श्रद्धेने टिकते. त्यासाठी सर्वांनी एकाच भाषेत प्रार्थना करण्याची गरज नाही. या तीनपैकी पहिली विनंती तरी येत्या आगमनकाळापूर्वी मान्य करावी, ही कळकळीची प्रार्थना.

आपला नम्र,
बदलापूरचा एक मराठी कॅथलिक