परसांतील बर्फाचें अंगण

गेल्या वर्षींचा हिंवाळा मीं कॅनडांतील ऑन्टारियो प्रांतांत थोरल्या मुलाच्या घरीं काढला. आपल्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलेंबाळें आज परदेशीं आहेत. तेव्हां तिकडील एका घरगुती उद्योगाची हकीकत अप्रस्तुत वाटूं नये.

पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फावर धांवण्याचें, म्हणजे स्केटिंगचें, त्या देशांत मोठें वेड. मुलांसाठीं कित्येक बाप परसांतच बर्फाचें अंगण तयार करतात. प्रख्यात हॉकीपटु वेन ग्रेट्स्की हा ब्रँटफर्ड येथें, वडिलांनीं परसांत केलेल्या अशाच अंगणावर खेळ शिकला.

कृति ऐकावयास सोपी आहे. सपाट जागा पाहून कडेनें फळ्या उभ्या कराव्या, पडलेलें हिम तुडवून घट्ट करावें, आणि पारा शून्याखालीं 5 अंशांहून खालीं गेला म्हणजे रात्रीं नळीनें पाणी शिंपडावें. थर पातळच हवा. एक गोठल्यावांचून दुसरा देऊं नये. असे थर देत 3-4 इंच जाडी आणावी. काम संपतांच नळी घरांत घ्यावी, नाहींतर ती आंतून गोठते.

मुलगा रात्रीं दोन-तीनदां उठून थर देई. तिसऱ्या रात्रीं मला त्याची दया आली, व तो निजल्यावर मीं एकदम भरपूर पाणी सोडलें. सकाळीं अंगण आरशासारखें दिसत होतें! परंतु नातवानें पाऊल टाकतांच वरचा पापुद्रा फुटून पाय आंत गेला. पोर कळवळलें. मुलगा शांतपणें म्हणाला, "नाना, वरचें पाणी आधीं गोठतें, खालचें हिमांत जिरून मध्यें पोकळी राहते." जन्मभर वर्गांत 'थेंबें थेंबें तळें सांचे' शिकविणारा मी मास्तर, मान खालीं घालून उभा राहिलों.

पुढें निगराणीचें काम मीं मागून घेतलें. पडलेलें हिम लगेच ओढून टाकावें लागतें, कारण त्याच्या दुलईखालीं बर्फ नीट गोठत नाहीं. भेगांत ओल्या हिमाचा लगदा भरावयाचा. वाळकें पानहि वेंचावयाचें. काळसर वस्तु ऊन शोषून बर्फांत खळगा पाडते. शेवटीं गरम पाण्याचा पातळ हात दिला म्हणजे ओरखडे विरघळून पृष्ठभाग एकजीव होतो.

परंतु एवढ्या कष्टांना हिंवाळा साथ देईलच, असा भरंवसा आतां उरलेला नाहीं. ओटावा शहरांत रिडो कालव्यावर 1970-71 पासून दर हिंवाळ्यांत स्केटिंगची वाट खुली होत असे. तिची लांबी 7.8 किलोमीटर. 2022-23 च्या हिंवाळ्यांत बर्फ पुरेसा न धरल्यामुळें ती प्रथमच एक दिवसहि उघडली नाहीं. विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठांतील संशोधकांनीं 2013 सालीं 'रिंकवॉच' नांवाचा उपक्रम आरंभिला. आपलें अंगण कोणत्या दिवशीं खेळण्याजोगें होतें, हें त्यांत घरोघरचे लोक कळवितात. मुलांच्या खेळाची नोंद हीच अशा रीतीनें हवामानाची नोंद झाली.

आमचें अंगण फेब्रुवारींत दोनदां वितळलें. दुसऱ्या वेळीं नातवानें विचारलें, "आजोबा, पुन्हां होईल ना?" खोटा धीर देण्यास मन धजेना. "थंडी पडली तर होईल," एवढेंच म्हणालों.

चार दिवसांनीं थंडी पडली. रात्रीं मुलगा नळी घेऊन निघाला, मीहि कानटोपी चढविली. दारांतून नातवानें मला बजावलें, "आजोबा, पातळ थर हं!"