डिस्चार्जआधी बाळाचा ऑक्सिजन बघा, एवढीच मागणी

सरकारी दवाखान्यातून बाळंतीण घरी सोडताना वजन बघतात, लस टोचतात, कागद करतात. तालुक्यात चार ठिकाणी विचारलं, बाळाचा ऑक्सिजन बघता का? "रडतंय, पितंय, मग कशाला?" असं उत्तर मिळालं.

कशाला ते सांगतो. हजारात साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यातले काही जीवघेणे, तरी बाळ पहिले एक-दोन दिवस ठणठणीत दिसू शकतं. पोटात असताना फुप्फुसांना वळसा घालून रक्त नेणारी एक वाहिनी असते, ती जन्मानंतर मिटते. काही बाळांचा जीव तिच्यावरच तगलेला असतो. ती मिटली की बाळ निळं पडतं, दूध सोडतं, धापा टाकतं. तोवर ते घरी, वस्तीवर पोचलेलं असतं.

तपासणी पाच मिनिटांची आहे. कोरोनात घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर, फक्त प्रोब तान्ह्या बाळाचा हवा, मोठ्यांचा चिमटा चालत नाही. जन्मानंतर २४ तासांनी उजवा हात आणि एक पाय तपासायचा. ९० च्या खाली आकडा आला तर तातडीने वरच्या दवाखान्यात न्यायचं.

"सापडून उपयोग काय, सर्जन तर पुण्या-मुंबईला," असं काहीजण म्हणतील. अहो, ती वाहिनी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन आहे. श्वासावर लक्ष ठेवत ते देत नेलं, तर बाळ मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचू शकतं. जिल्हा रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये ते असायलाच हवं. आणि २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हृदयदोषाच्या मोफत उपचाराची सोय आहे. पण दोष सापडलाच नाही तर योजना कुणाला देणार?

या तपासणीत सगळं सापडत नाही, हेही खरं. म्हणून आशाताई घरी आल्या की त्यांना स्पष्ट सांगा: दूध पिताना बाळ घामाघूम होतं का, वजन अडलंय का, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो का. मोठं छिद्र वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर फुप्फुसांतला दाब इतका वाढतो की ऑपरेशनची वेळच निघून जाते.

आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत कोण आहे, ते बघा आणि त्यांना हाच प्रश्न विचारा. पाचवीला सटवाई नशीब लिहिते म्हणतात. एका प्रोबअभावी गेलेलं बाळ तिच्या नावावर खपवू नका.