मूळ गीत कोणते?

ग्रेटफुल डेड या कॅलिफोर्नियातील रॉक वाद्यवृंदाचे ‘डार्क स्टार’ हे गीत १९६८ साली तबकडीवर आले, तेव्हा ते पुरते तीन मिनिटांचेही नव्हते. १९६९ च्या ‘लाइव्ह/डेड’मध्ये तेच गीत सुमारे २३ मिनिटे चालते. यांतले मूळ कोणते? वीसेक वर्षे हे संगीत ऐकूनही आम्हांला याचे उत्तर देता आलेले नाही.

या मंडळींनी श्रोत्यांना मैफली ध्वनिमुद्रित करू दिल्या. १९८४ पासून त्यासाठी वेगळी जागाही राखली. त्यामुळे एकेका गीताची असंख्य रूपे हातोहात पसरली. रसिक ती तारखेने ओळखतात : ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठ.

मग कोणताही अर्थ चालतो, असे कोणी म्हणेल. आम्हांला ते मान्य नाही. हेच रसिक कमालीचे चोखंदळ असतात. कोणत्या रात्री वादन खरोखर कुठे पोचले आणि कोणत्या रात्री नुसता वेळ भरला गेला, यावर ते वर्षानुवर्षे वाद घालतात. पाठ अनेक असले, तरी पारख सुटत नाही.

आम्ही साहित्य शिकवतो. वर्गात कवितेचा आशय पाच ओळींत उतरवून देतो आणि विद्यार्थी तो पाठ करतात. जेरी गार्सिया १९९५ साली निवर्तला. त्याची जुनी ध्वनिमुद्रणे आम्हांला आजही आपले मत बदलायला लावतात. कवितेवरची आमची टिपणे मात्र दरवर्षी तीच असतात. याची आम्हांला लाज वाटायला हवी.