पीएच.डी.नंतर काय?

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात घरातले कोणी पीएच.डी. झाले की पेढे वाटले जातात, जामसांवलीला मारुतीरायाचे दर्शन होते आणि लगेच विचारणा सुरू होते, "आता प्राध्यापकी केव्हा?" पीएच.डी.च्या पुढेही दोन-तीन वर्षांचे संशोधन असते, त्याला पोस्ट-डॉक्टरल म्हणतात, आणि स्वतंत्र संशोधक बहुधा तिथेच तयार होतो. आपल्या जुन्या घरांना याची फारशी कल्पना नाही.

यातही गणिती मॉडेलिंग या विषयाकडे समाजबांधवांनी लक्ष द्यावे असे आम्हास वाटते. पाऊस, नदी, रोगाची साथ, पिकावरची कीड यांचे वागणे समीकरणांत मांडायचे, संगणकावर चालवून पाहायचे आणि प्रत्यक्ष नोंदींशी ताडायचे, असे हे काम. त्यात भौतिकशास्त्राचा विद्यार्थी साथरोगावर आणि गणिताचा विद्यार्थी शेतीवर संशोधन करू शकतो. पुणे विद्यापीठाने २००३ मध्ये यासाठी स्वतंत्र केंद्रच काढले. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेत तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिच्यात अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ वर आली आहे.

पण त्या पावसाने आपला आंबिया बहार किती गळेल, हे कोण सांगणार? त्याला समीकरण आणि संत्र्याची बाग दोन्ही कळणारा माणूस हवा. तो आपल्या घरांतून का निघू नये? लिंबूवर्गीय फळे, कापूस आणि पर्यावरण यांच्या तिन्ही केंद्रीय संस्था नागपुरात, आपल्या अंगणात आहेत.

१९५६ मध्ये नागपूर आपल्यापासून तुटले. तेव्हापासून भोपाळला आपण मराठी आणि मुंबईला मध्यप्रदेशी. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपला मात्र ही सीमा नाही, रहिवासी दाखला लागत नाही. मुदत २ वर्षे, वयोमर्यादा ३५, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सूट. मार्गदर्शक मात्र आधी स्वतः शोधून त्याची संमती घ्यावी लागते, आणि ओळखपाळख नसलेली आपली मुले इथेच अडतात. पुण्या-नागपुरात स्थायिक झालेल्या आपल्या प्राध्यापक मंडळींनी एवढे तरी करावे.

दोन वर्षांनंतर नोकरीची हमी नाही, हेही खरे. मुलीच्या बाबतीत तर लग्नाचा विषय आधी निघतो. म्हणून निर्णय घरच्यांनी तिच्याशी बसून घ्यावा, तिच्या पाठीमागे नव्हे.

राजकीय बाजू वेगळी. छिंदवाड्याला २०१९ मध्ये विद्यापीठ झाले, २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. मते मागायला येणाऱ्यांना रस्त्यांबरोबर हेही विचारावे: आपल्या विद्यापीठात मॉडेलिंगचा विभाग आणि पोस्ट-डॉक्टरलच्या दोन जागा केव्हा? मंडळाने तसे निवेदन द्यावे. संशोधनाच्या विषयांत पहिला फळगळीचा लिहावा, दुसरा जाम नदीच्या पाण्याचा.